मधलं दार

माझी नात अर्फा हिची प्रवेश परीक्षा घरूनच, नव्या कॉम्प्युटरवर होती. तीनदा नेट तुटलं की पेपर बाद, आणि वायफाय तर सकाळपासून सारखं तुटत होतं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या मलकापूरच्या जयराजने कार्ड बदललं, अँटेना बदलली, राउटर अगदी मधल्या दारापलीकडच्या खोलीत आणून ठेवला.

“आवं चाची, मधी माणूस उभं ऱ्हायलं की सिग्नल असा पडतो,” तो वैतागून म्हणाला. “पण दारात तर कोण न्हाई. आता वाऱ्याला धरू का काय?”

मी त्या मधल्या दाराकडे पाहिलं. साठ वर्षांपूर्वी माझे दीर या खोलीत मास्तरांकडे शिकायचे, तेव्हा शाळेतून काढलेली माझी नणंद अकिला त्याच दारात उभी राहून ऐकायची. तिला चुलीपाशी पिटाळायचं काम माझं, नव्या सुनेचं होतं. सोळाव्या वर्षी तापाने गेली ती.

जयराज गेल्यावर मी अर्फाशेजारी एक खुर्ची ठेवली. हळूच म्हणाले, “अकिला, उभी नको राहू गं. ये, बस.”

सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. पेपर सुरू झाला, तशी मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. अर्धा तास नेट एकदाही तुटलं नाही.

मग पडद्यावरच्या पर्यवेक्षक बाई करड्या आवाजात म्हणाल्या, “अर्फा, परीक्षा तुझी एकटीची आहे. शेजारी बसलेल्या मुलीला बाहेर पाठव.”

अर्फाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.