जेऊरकर वकिलांचे दोन प्रश्न

जेऊरकर वकील उलटतपासणीला उभे राहिले, की सोलापूरच्या कोर्टात बाकं पुरत नसत. चौदा वर्षं त्यांच्याकडं कारकुनी करता करता जोतीरामनं वकिलीची परीक्षा दिली, सनद मिळवली आणि शहात्तर साली स्वतःची पाटी लावली. पहिलीच केस आली ती माळशिरसच्या मायाप्पाची, विहिरीकडं जाणाऱ्या वाटेची. आणि समोरच्या बाजूनं उभे खुद्द जेऊरकर.

जोतीरामला धास्ती होती ती आपल्याच साक्षीदार केराबाईची. म्हातारी बोलायची खरंच, पण कुणी दोन उलटे प्रश्न टाकले की पार गांगरून जायची. जेऊरकर उठले, त्यांनी फाईल चाळली, तिला नाव विचारलं, गाव विचारलं आणि खाली बसले.

निकाल मायाप्पाच्या बाजूनं लागला. "एवढ्या मोठ्या वकिलाची बोलती बंद केली की तुमी," म्हणत त्यानं पेढ्यांचा पुडा जोतीरामच्या हातात कोंबला. जोतीराम तो पुडा घेऊन तसाच बार रूममध्ये गेला आणि जेऊरकरांच्या पाया पडला.

"दादासाहेब, तुम्ही मुद्दामच सोडलंत ना मला? केराबाईला काहीच विचारलं नाहीत."

जेऊरकरांनी पेढा तोंडात टाकला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"अरे, चौदा वर्षं काय विचारायचं ते तूच चिठ्ठीवर लिहून फायलीत ठेवायचास. त्या दिवशी सगळी फाईल उलटीपालटी केली, चिठ्ठी होती कुठं?"