कोपऱ्यातला देव

नवी सून स्वप्नालीनं घरातले देव पुजले आणि जाता जाता कोपऱ्यातल्या पाटावरच्या देवालाही हळदकुंकू वाहिलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, वर लाल ठिपका. सासूबाई आंघोळ झाली की आधी त्याच्यावरची धूळ झटकतात, कोणाला हात म्हणून लावू देत नाहीत, हे ती आल्यापासून पाहत होती.

सासूबाई, तुळशीबाई, स्वयंपाकघरातून धावत आल्या. "व माय! हाई काय करी बसनी तू?"

"पूजाच ते करी, आत्याबाई. हाऊ कोणता देव शे?"

"देव नई, युरियानी गोणी शे ती! दुकानदारनी सरकारी भावपेक्षा जास्ती पैसा लिन्हात, तेनी केस चालू शे नंदुरबारले. हाऊ तठला पुरावा. सील फुटनं ते केस गयी."

त्यांनी वाकून पाहिलं. कुंकवाखाली लाखेचं सील शाबूत होतं.

"मंग पुसू का?" सून ओशाळली.

तुळशीबाई पाटाशेजारीच टेकल्या. गोणी त्यांनी चाचपली. आत खताचा केव्हाच दगड झाला होता.

"ऱ्हाऊ दे, बेटी. इतला वरीस वकीलले हात जोडात, आते याले जोडी पाहूत."