टेटेकाकांचं भाषण

"काका, घेऊ का तिला?" स्वानंदीनं हळूच विचारलं.

मिस्टर टेटेंनी मान हलवली. स्वानंदीची नीलू त्यांच्या मांडीवर आत्ता कुठे झोपली होती. दाढ येत होती. दोन रात्री ना लेक झोपली होती, ना आई. "राहू दे," ते इंग्रजीत म्हणाले. "माझ्या भाषणात मोठेमोठे झोपलेत."

नेदरलँड्समधल्या झूटरमेर शहरात स्वानंदीच्या समोरचाच फ्लॅट त्यांचा. त्यांचं इंटरनेट बंद पडलं होतं, म्हणून ते स्वानंदीच्या जेवणाच्या टेबलावरून पक्षाच्या अधिवेशनात बोलणार होते. वर निळा भरजरी झगा, खाली सपाता. पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या देशात ते आधी मास्तर होते, मग शिक्षणमंत्री, मग पक्षाध्यक्ष, मग कैदी. सुटून इथे आले त्याला नऊ वर्षं झाली. अध्यक्षपद तेवढं सुटलं नव्हतं. दर अधिवेशनात ते शेवटी म्हणायचे, "मी येतोय." सभागृह पेटून उठायचं. आता निवडणूक लागली होती. आज नुसतं येतोय म्हणून भागणार नव्हतं. तारीख हवी होती.

"सांगणार तारीख?"

"माझी मुलगी एवढी होती तेव्हा मी दौऱ्यावर असायचो," ते म्हणाले. "ती कशी झोपायची, मला माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या नवऱ्यानं मला निघताना म्हणायला 'येतो' शिकवलं. त्याच्या उलट काय?"

"जातो. पण तसं म्हणायचं नसतं हं, काका! म्हणणारा परत येत नाही म्हणतात."

लॅपटॉपचा पडदा उजळला. तिकडे सभागृह उभं राहिलं. नीलू उठू नये म्हणून टेटे अगदी हळू बोलले. शाळांबद्दल बोलले, तुरुंगात गेलेल्या सोबत्यांबद्दल, पक्षातल्या तरुणांबद्दल. तिकडे माणसं पुढे वाकून ऐकत होती. शेवटी ते थांबले. त्यांच्या भाषेतलं ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. त्यांनी नीलूकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून स्वच्छ मराठीत म्हणाले, "जातो."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या रांगेतल्या कुणीतरी मूठ उंचावली. "जातो!" पाठोपाठ सगळं सभागृह नव्या घोषणेनं दणाणलं. "जातो! जातो!"

"अहो काका," स्वानंदी दारातून कळवळून म्हणाली, "येतो म्हणा ना!"

गलक्यानं नीलू दचकली आणि रडायला लागली. टेटेंनी लॅपटॉप मिटला. झग्याचा सोगा तिच्या अंगावर ओढून ते थोपटू लागले.

"झोप, राणी. मी कुठ्ठे जात नाही."