आवरायला वीस सेकंद

स्मरांडानं वीसचा आकडा खोडला. त्या जागी दोन लिहिणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"तुमचं चालू द्या हो," टेबलाशी उभ्या असलेल्या मुख्य सिस्टर युजेनिया स्मरांडाला म्हणाल्या. "बंद हो म्हटलं की बंद व्हायला पाहिजे. मी कोट चढवून, दिवा मालवून दारात उभी, आणि पडद्यावर हे आपलं गोल गोल फिरतंय. आवरायला एवढा वेळ तर माझा नवरासुद्धा लावत नाही!"

याश शहरातल्या त्या रुग्णालयात घशाच्या शस्त्रक्रियेआधी रोग्याकडून ठरलेली वाक्यं वाचून घेऊन त्याचा आवाज साठवून ठेवत. स्वरयंत्र काढलं की माणसाचा आवाज जातो. मग तो अक्षरं टाइप करतो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. तो प्रोग्रॅम स्मरांडाचा.

मुख्य प्रोग्रॅम आपल्या हाताखाली एक धाकटा प्रोग्रॅम सुरू करी. आवाज टिपायचं काम त्या पोराचं. तो तुकड्यातुकड्यानं टिपत जाई. थोरला बंद होताना धाकट्याला मध्येच मारलं, तर हातातला तुकडा जाई. एखादे वेळी सगळी फाइलच नासे. स्मरांडाच्या घरच्या लिनक्स संगणकावर पोराला 'आवर आता' अशी खूण करता येई. इथल्या विंडोजवर ती खूण चालत नसे. तिथं पोराची सरळ मान मुरगळली जाई. म्हणून तिनं विंडोजसाठी निरोपाची निराळी वाट काढली होती. मुदत मात्र दोन्हीकडे सारखी. वीस सेकंदांत हातातला तुकडा पुरा करून, फाइल मिटून बाहेर पड. नाहीच जमलं, तर मग जबरदस्ती.

दोन सेकंद दिले तर शेवटच्या तुकड्यावर पाणी सोडावं लागणार होतं.

"त्या तुकड्यात असतं काय मेलं?" युजेनियांनी विचारलं होतं. "वाक्यं सगळी वाचून झालेली असतात. कागद सरकल्याचा आवाज!"

म्हणूनच स्मरांडानं आकडा खोडला होता.

टकटक करणारी एक ठेंगणी बाई दारातून आत आली. पाराशिवाबाई. बाजारात मेंढीच्या दुधाचं चीज विकायचा नवरा-बायकोचा गाळा होता. नवरा, निकानोर, मागे दारातच थांबला. गळ्याला रुमाल गुंडाळलेला. शस्त्रक्रिया होऊन त्याला बरेच दिवस झाले होते.

"हे यंत्र कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," स्मरांडा म्हणाली.

"बंद केल्यावरही ते ऐकत होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

युजेनियांनी 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं.

"चूक झाली, बाई," स्मरांडा म्हणाली. "ते शेवटचा तुकडा पुरा करत असतं. आत्ताच बदलतेय मी. यापुढं नाही ऐकणार."

"अहो, हात लावू नका त्याला!" बाई जवळजवळ ओरडल्याच. मग खुर्ची ओढून बसल्या. "तुमची ती वाक्यं यांनी कशी वाचली माहितेय? 'आज हवा छान आहे. मला पाणी हवे आहे.' जन्मात असं बोलला नाही हा माणूस. घरी ते यंत्र बोलायला लागलं की वाटायचं, सरकारी कचेरीतला कुणी कारकून येऊन बसलाय. मी बंद करून ठेवलं होतं ते. परवा भाचीनं मूळ फाइल शेवटपर्यंत वाजवली."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. बोट लावलं.

आधी खरंच कागद सरकल्याचा आवाज आला. मग युजेनियांचा: "झालं हं, बंद केलं." मग एक भरड, मोकळा, बाजाराला सरावलेला आवाज.

"काय गं, शाळेतल्या पोरासारखं वाचलं ना मी?"

"त्याहून वाईट," फोनमधल्या पाराशिवाबाई म्हणाल्या. "मास्तरांनी कोपऱ्यात उभं केलं असतं."

बाईंनी तिथंच बोट ठेवून ते थांबवलं. डोळे भरून आले होते. "याच्या पुढं जे आहे, ते तुमच्या वाक्यांमध्ये कुठून येणार होतं, सांगा? देव तुमचं भलं करो, पोरी." पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेला चीजचा गोळा काढला आणि स्मरांडाच्या मांडीवर ठेवला.

युजेनियांनी खोडलेल्या आकड्याकडे बोट केलं. "मग... किती लिहायचं तिथं?"

"वीसच," स्मरांडा म्हणाली. "आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत येऊ दे, 'अजून ऐकतोय.' सगळ्यांना कळायला हवं."

"येऊ दे. मी थांबेन दारात."

पाराशिवाबाईंनी पुन्हा बोट लावलं. खदखदून, खोकत, दम लागेस्तोवर चाललेलं एक हसू खोलीभर पसरलं. स्मरांडानं मान वळवली. दारात निकानोर चौकटीला धरून उभा होता. खांदे गदगदा हलत होते, तोंड उघडं होतं, आणि त्याचं हसू टेबलावरून येत होतं.