शड्डू
प्लेगच्या भीतीने पळालेली माणसं सुरतेत परत आली, तसा गावी तोंड लपवून बसलेला कुंदनही तिथल्या नवागाम वस्तीतल्या आमच्या तालमीत आला. कुस्ती हरल्याच्या रागात त्याने तालमीतल्या काळ्या कुत्रीचा पाय सळईने मोडला होता. कोर्टाने त्याला दोषी ठरवलं आणि मी तालमीतून काढलं. तेव्हापासून ती कुत्री शड्डूच्या आवाजालाही भ्यायची. "वस्ताद, मला पुन्हा लढू द्या," मातीच्या हौद्याबाहेर उभा राहून तो म्हणाला. "शिक्षा भोगली ना त्याने?" कोणीतरी म्हणालं. "हाव, पण पहिले कुत्रीले इचारा!" राघोने टोमणा मारला आणि सगळे हसले. कुंदनची मान खाली गेली. मला काही ठरवता येईना. तेवढ्यात हौद्यातल्या दत्तूने मांडीवर जोरात शड्डू ठोकला. कुत्री लंगडत माझ्या पायांमागे आली आणि भीतीने तिथेच मुतली. दत्तूने पुन्हा हात उचलला, तोच कुंदन धावत हौद्यात शिरला आणि त्याने दत्तूचं मनगट धरलं. "नको रे गड्या, ती घाबरते." "अरे, चपला! मातीत चपला!" सगळे ओरडले. तालमीच्या मातीत चपला घालणं म्हणजे मारुतीवर पाय देणं. कुंदनने खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. चपला हातात घेऊन, कोणाकडेही न बघता तो दाराकडे चालू लागला. "कुंदन," मी हाक मारली, "चपला बाहेर ठेव आणि लंगोट घालून ये."