यू अक्षराचे शब्द

"यू अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द सांगा," स्मरणशक्ती तपासणारे डॉक्टर म्हणाले. पेशंटच्या शेजारी त्यांची बायको पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती. तिचे निवृत्त प्राध्यापक पती हल्ली घरचा रस्ता चुकत होते.

प्रश्न ऐकून मात्र स्वारी खुशीत आली. "अल्ट्राक्रेपिडेरियन. म्हणजे ज्यातलं कळत नाही त्यावर मत देणारा. राग मानू नका, डॉक्टर. अल्युलेट. गळा काढून रडणं. अक्झोरियस. बायकोवर वेड्यासारखं प्रेम करणारा."

डॉक्टर चाट पडले. "सर, यातला एकही शब्द मला येत नाही!"

बायको कित्येक दिवसांनी हसली. "बघा, उगाच घाबरले मी."

प्राध्यापक अदबीने उठले आणि तिला म्हणाले, "माझं झालं, मॅडम. आता तुमचा नंबर. तुमच्याबरोबर कोणीच आलं नाही?"