मेला नाही, झोपलाय

टिक्‌. गप्प पडलेल्या घरात माऊसचं बटण वाजलं. नवरा गेल्यापासून ती त्याच्या टेबलाशी आज पहिल्यांदाच बसली होती; ऑफिसला त्याच्या फायली हव्या होत्या. पण पडद्यावरचा बाण काही जागचा हलेना.

"चालत नाहीये मेला!" सवयीने तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली.

"मेला नाही गं, झोपलाय." फरशीवर चित्र रंगवत बसलेली लेक उठून आली. "बाबा म्हणतो, उंदीरमामाला काम नसलं की डुलकी लागते. घाबरायचं नाही, हलवून उठवायचं." तिने इवल्याशा मुठीत माऊस धरून गदागदा हलवला. त्याच्या पोटाखालचा लाल दिवा लागला आणि बाण पडद्यावर सैरावैरा पळायला लागला. "बघ, उठला की नाही?"

"उठला गं बाई, उठला!" कितीतरी दिवसांनी ती हसली आणि लेकीला तिने मांडीवर ओढून घेतलं.

लेक मात्र हातातल्या माऊसकडेच बघत राहिली.

"आई, मग त्या दिवशी बाबा हॉलमध्ये झोपला होता, तुम्ही सगळे रडत होतात... मी त्याला हलवत होते, तर तू माझा हात का धरलास?"